झोपेतली साक्ष

नवरा दुसऱ्या बाईत गुंतलाय हे बायकोला कळतं कसं? या प्रश्नाचं चक्क वर्गवारी करून दिलेलं उत्तर दहाव्या शतकात सापडतं. माळव्याचा परमार राजा मुंज याच्या दरबारी धनंजय नावाचा पंडित होता. त्याने 'दशरूपक' हा नाट्यशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला. नायिकेच्या रुसव्याची चर्चा करताना तो म्हणतो, मत्सरातून येणारा रुसवा तीन वाटांनी येतो. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, किंवा अनुमानाने ओळखलेलं असतं. या अनुमानाचे पुन्हा तीन आधार. एक, नवऱ्याच्या अंगावरच्या खुणा. दोन, बायकोला चुकून भलत्याच नावाने हाक मारणं. याला 'गोत्रस्खलन' असं भारदस्त नाव आहे. आणि तीन, 'उत्स्वप्नायित'. म्हणजे नवऱ्याची झोपेतली बडबड.

हजार वर्षांपूर्वी झोपेतलं बोलणं पुराव्यांच्या यादीत जाऊन बसलं होतं, तेही नखांच्या ओरखड्यांच्या शेजारी. धनंजयाच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तो या सगळ्याला 'अनुमान' म्हणतो, डोळ्यांनी पाहिलेल्याच्या रांगेत बसवत नाही. पहाटे तीनला शेजारच्या उशीवरून एखादं नाव ऐकू आलं की आपण एवढा फरक करत बसत नाही. सकाळी चहाच्या आधीच उलटतपासणी सुरू होते.

या विषयाची मूळ अडचण अशी की झोपेत बोलणाऱ्याला आपण बोललो हेच ठाऊक नसतं. सकाळी त्याला काही आठवत नाही. त्यामुळे झोपेतल्या बोलण्याचा सगळा इतिहास ऐकणाऱ्यांनी लिहिलेला आहे. ज्याच्या तोंडून शब्द आले त्याची बाजू त्यात जवळपास नाहीच.

मराठीने मात्र या बाबतीत उदार धोरण ठेवलेलं दिसतं. तापात माणूस बरळतो, दारू प्यायल्यावर बरळतो आणि झोपेतही बरळतो. तिन्ही अवस्थांना एकच क्रियापद. 'चावळणे' हा तसाच दुसरा शब्द, आता फारसा कानावर न येणारा. जुन्या मराठीत 'वोसणणे' असाही शब्द होता. 'अरे, बरळतोय तो, झोप तू' असं आजी म्हणते तेव्हा तिने निकाल देऊन टाकलेला असतो: या बोलण्याला बोलणारा जबाबदार नाही. पण हीच आजी दुसऱ्या दिवशी हळूच म्हणू शकते, 'झोपेत माणूस खोटं बोलत नाही हो.' या दोन वाक्यांच्या मधेच हा सगळा इतिहास आहे.

झोपेतल्या बोलण्याचा माझ्या माहितीतला सर्वांत सुंदर प्रसंग भासाच्या 'स्वप्नवासवदत्तम्' नाटकात आहे. शतकानुशतकं हे नाटक फक्त नावाने माहीत होतं. टी. गणपतिशास्त्री यांना केरळात जुन्या पोथ्या मिळाल्या आणि १९१२ साली त्रिवेंद्रमहून ते छापून आलं. कथा थोडक्यात अशी. वत्स देशाचा राजा उदयन याचं राज्य शत्रूने बळकावलंय. ते परत मिळवायचं तर मगधाची मदत हवी, आणि त्यासाठी उदयनाने मगधाची राजकन्या पद्मावती हिच्याशी लग्न करायला हवं. पण उदयनाचं आपल्या राणीवर, वासवदत्तेवर, एवढं प्रेम आहे की ती असताना तो दुसरीकडे बघणार नाही. म्हणून मंत्री यौगंधरायण एक बेत रचतो. लावाणक गावाला आग लागली आणि राणी जळून मेली अशी आवई उठवायची आणि राणीला नाव बदलून पद्मावतीच्याच आश्रयाला ठेवायचं. वासवदत्ता या बेताला तयार होते. स्वतःच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ती जवळून बघते.

पाचव्या अंकात पद्मावतीचं डोकं दुखतंय म्हणून तिचं अंथरूण समुद्रगृह नावाच्या दालनात घातलं जातं. तिला भेटायला उदयन तिथे येतो. ती आलेलीच नसते. तो वाट बघत आडवा होतो. विदूषक एक गोष्ट सुरू करतो, तिच्यात उज्जयिनीचं नाव येतं, उज्जयिनी म्हणजे वासवदत्तेचं माहेर, आणि राजाचं मन तिकडे जातं. तसाच तो झोपतो. थंडी आहे म्हणून विदूषक पांघरूण आणायला जातो. तेवढ्यात वासवदत्ता येते. अंधुक उजेडात तिला वाटतं, अंथरुणात पद्मावती आहे. ती शेजारी टेकते. आणि अंथरुणातून तिचंच नाव ऐकू येतं.

ती दचकून उठते. आपण पकडले गेलो, मंत्र्याचा सगळा बेत फसला, असं तिला वाटतं. मग लक्षात येतं की तो झोपेत बोलतोय. आता तिने निघून जायला हवं. पण ती थांबते. तो विचारतो, बोल ना माझ्याशी. ती म्हणते, बोलतेय ना. तो विचारतो, रागावलीस? ती सांगते, रागावले नाही, दुःखी आहे. मग अंगावर दागिने का नाहीत, असं तो विचारतो. एवढ्या हळव्या क्षणी राजाच्या तोंडून विरचिका हे नाव निघतं. ही जुनी भानगड असणार. विरचिकेची आठवण आली का, असं तो विचारतो आणि वासवदत्ता भडकते. इथेसुद्धा विरचिका! मेलेली म्हणून जाहीर झालेली, वेषांतर करून सवतीच्या घरी राहणारी बाई क्षणभर सगळं विसरून झोपलेल्या नवऱ्याशी भांडते. तो झोपेतच हात पुढे करून माफी मागतो. जाता जाता ती त्याचा पलंगाबाहेर लोंबणारा हात उचलून नीट ठेवते. त्या स्पर्शाने तो जागा होतो, तिच्या मागे धावतो आणि दारावर आदळतो. विदूषक परत आल्यावर म्हणतो, स्वप्न असेल. नाहीतर इथली एखादी यक्षिणी असेल.

या प्रसंगात धनंजयाची अख्खी यादी उलटी होते. झोपेतल्या बोलण्यातून वासवदत्तेला दोन्ही गोष्टी एकदम कळतात: नवरा अजून आपल्यावर प्रेम करतो, आणि विरचिका त्याच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. भास यातल्या कुठल्याही एका बाजूने निकाल देत नाही. मला त्याचा हा संयम आवडतो. पुढच्या लोकांना तो जमलेला नाही.

रोमन कवी लुक्रेशियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहून ठेवलं होतं की झोपेत बोलून कितीतरी लोकांनी स्वतःचे गुन्हे उघड केले आहेत. युरोपात ही समजूत टिकून राहिली आणि शेक्सपिअरने तिचा हत्यारासारखा वापर केला. 'ऑथेल्लो'मध्ये इयागोला सेनापतीच्या मनात संशय पेरायचा आहे. तो सांगतो, परवा मी कॅसिओच्या शेजारी झोपलो होतो, दाढ दुखत होती म्हणून मला झोप लागेना, तेव्हा कॅसिओ झोपेत डेस्डेमोनाशी प्रेमाच्या गोष्टी बोलत होता. सगळं बनावट. पण यातली हुशारी बघा. हा असा साक्षीपुरावा आहे की ज्याची शहानिशा करायची सोयच नाही. कॅसिओला जाऊन विचारलं तरी तो काय सांगणार? आणि इयागो स्वतःच वर म्हणतो, जाऊ द्या, स्वप्नच होतं ते. ऑथेल्लो मात्र स्वप्नामागे घडलेली गोष्ट असणारच असं धरून चालतो. डेस्डेमोनाचा जीव जातो. हे नाटक महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ सालीच मराठीत आणलं होतं, आणि पुढे देवलांच्या 'झुंझारराव'मधून मराठी रंगभूमीने ते आपलंसं केलं. संशयी नवऱ्याची गोष्ट आपल्याकडे चालणारच होती.

विसाव्या शतकात हीच जुनी समजूत पांढरा कोट घालून आली. टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या एका गावात रॉबर्ट हाऊस नावाचे डॉक्टर बाळंतपणं करत. त्या काळी प्रसूतीच्या वेळी बायकांना स्कोपोलामाइन देऊन अर्धवट गुंगीत ठेवायची पद्धत होती. हे द्रव्य धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांत असतं. १९१६ साली एका घरी बाळ जन्माला आलं आणि हाऊसनी वजन करायला काटा मागितला. नवऱ्याला तो सापडेना. तेव्हा गुंगीतल्या बाळंतिणीने काटा स्वयंपाकघरात कुठे, कुठल्या खिळ्याला टांगलाय ते अचूक सांगितलं. हाऊसना वाटलं, या अवस्थेत माणूस खरंच बोलतो. १९२२ साली त्यांनी डॅलसच्या तुरुंगातल्या दोन कैद्यांवर प्रयोग केला. दोघांनीही गुंगीत गुन्हा नाकारला आणि पुढे खटल्यात दोघेही सुटले. 'सत्य वदवणारं औषध' ही कल्पना वर्तमानपत्रांनी उचलून धरली. एका बाईला आपल्या स्वयंपाकघरातला काटा कुठे आहे हे माहीत होतं, यावरून केवढी मोठी इमारत उभी राहिली!

त्या इमारतीचा एक मजला आपल्याकडेही बांधला गेला. स्टॅम्प पेपर घोटाळ्यातला तेलगी आठवतो का? तुमच्यापैकी अनेक जण तेव्हा शाळेत असतील किंवा जन्मलेही नसतील. त्याला पेंटोथॉल देऊन केलेल्या नार्को चाचणीची चित्रफीत टीव्हीवर दाखवली गेली होती. जड जिभेने बोलणारा माणूस आणि त्याच्या तोंडून निघणारी बड्या लोकांची नावं. अख्ख्या महाराष्ट्राने ते पाहिलं आणि बऱ्याच जणांनी मनातल्या मनात निकालही लावला. शेवटी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात सांगितलं की माणसाच्या मर्जीविरुद्ध अशी चाचणी करणं हे राज्यघटनेच्या कलम २०(३)चं उल्लंघन आहे; कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. आणि राजीखुशीने चाचणी दिली तरी गुंगीत बोललेलं जसंच्या तसं पुरावा म्हणून धरता येणार नाही. काय बोलायचं आणि काय नाही यावर त्या माणसाचा ताबाच नसतो, हे त्यामागचं एक मुख्य कारण. नैसर्गिक झोप आणि औषधाची गुंगी या दोन वेगळ्या अवस्था आहेत, हे खरं. पण ताब्याचा मुद्दा झोपेलाही तेवढाच लागू पडतो.

हे सगळं चाललं असताना झोपलेल्या माणसाच्या डोक्यात काय होतं हे बघायला कुणीतरी बसायला हवं होतं. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत ठरावीक वेळाने बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. या टप्प्याला 'रेम' झोप म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात, आणि तेव्हा शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडलेले असतात. नाहीतर आपण रोज रात्री स्वप्नातली सगळी पळापळ पलंगावर केली असती. आता झोपेतलं बोलणं म्हणजे स्वप्नाचा आवाज असेल तर ते रेममध्येच सापडायला हवं. पण ॲलन रेक्टशाफेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मेंदूचे आलेख घेत झोपेतलं बोलणं टिपलं, तेव्हा त्यातलं बरंचसं रेमच्या बाहेरच्या झोपेत आढळलं. न्यूयॉर्कच्या आर्थर आर्किन यांनी तर या एका विषयाला आयुष्यातली बरीच वर्षं दिली. झोपेत बोललेल्याला लगेच उठवून काय चाललं होतं असं विचारायचं, ही त्यांची पद्धत. कधी शब्द आणि स्वप्न जुळायचे, कधी अर्धवट जुळायचे, कधी काहीच संबंध नसायचा. १९८१ साली त्यांचं जाडजूड पुस्तक आलं. झोपेतल्या शब्दावरून मनाकडे जाणारा रस्ता सरळ नाही, एवढं तरी त्यातून पक्कं झालं.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये डायन मॅग्रेगर नावाचा गीतकार होता. त्याच्या आणि मायकेल बारच्या जोडीचं एक गाणं बार्ब्रा स्ट्रायसँडने गायलंय. पण मॅग्रेगर ओळखला जातो तो झोपेतल्या बोलण्यासाठी. तो नुसते शब्द बडबडत नसे, पूर्ण गोष्टी सांगत असे. अतरंगी, अनेकदा चावट, कधीकधी किंकाळीने संपणाऱ्या. एकाच घरात राहणाऱ्या बारने टेप लावायला सुरुवात केली आणि शेकडो ध्वनिमुद्रणं जमवली. १९६४ साली डेका कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढली, त्याच वर्षी पुस्तकही निघालं. रेकॉर्ड फारशी खपली नाही. मला या प्रकरणात एक गंमत वाटते. जागेपणी गाणी लिहून नाव कमवायला धडपडणाऱ्या माणसाची कीर्ती त्याने न लिहिलेल्या, न आठवणाऱ्या मजकुरावर उभी आहे. आज हेच काम उशीजवळ ठेवलेला फोन करतो. फरक इतकाच की रूममेटची क्लिप ग्रुपवर टाकायला आपण त्याची परवानगी घेत नाही.

मग झोपेत माणसं म्हणतात तरी काय? २०१७ साली पॅरिसच्या इझाबेल अर्नुल्फ आणि त्यांच्या गटाने २३२ जणांची ८८३ बोलणी तपासली. यातले बहुतेक जण झोपेचा विकार असलेले होते, हे लक्षात ठेवायला हवं. निम्म्याहून जास्त, ५९ टक्के वेळा शब्दच नव्हते. पुटपुटणं, कण्हणं, हसणं. जिथे शब्द होते तिथे सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द 'नाही'. दहातल्या जवळपास एका वाक्यात शिवी, आणि पुरुषांच्या तोंडी जास्त. व्याकरण बऱ्यापैकी शाबूत. पण मला थबकवणारी गोष्ट वेगळीच होती. झोपेतला माणूस समोरच्या अदृश्य माणसाला उत्तरासाठी जागा सोडतो, जागेपणीच्या संवादात सोडतो तेवढीच. भासाने ती जागा बघितली आणि तिथे वासवदत्तेला उभं केलं.

तर शेजारच्या पलंगावर कुणी बोलत असेल तर काय करायचं? आधी हे समजून घ्यायचं की यात विशेष काही नाही. नॉर्वेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोनतृतीयांश लोकांनी सांगितलं की ते आयुष्यात कधी ना कधी झोपेत बोललेत, आणि जवळपास १८ टक्के मागच्या तीन महिन्यांत बोलले होते. मुलांमध्ये हे आणखी सर्रास असतं आणि बहुतेकांचं वयाबरोबर कमी होतं. अपुरी झोप, परीक्षेचा किंवा नोकरीचा ताण, ताप, रात्रीची दारू, वेळीअवेळी झोपणं यांनी ते वाढतं. म्हणून उपाय कंटाळवाणे आहेत: झोपेची वेळ सांभाळा, जागरणं कमी करा. निव्वळ बोलण्यासाठी गोळी लागत नाही. त्रास असतो तो ऐकणाऱ्याला, आणि त्यावर कानात घालायचे बोळे हा जुना, स्वस्त इलाज आहे. गदागदा हलवून उठवू नका. प्रश्न विचारून गुपितं काढायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही जे सुचवाल तेच उत्तर म्हणून परत यायची शक्यता असते. आणि एखादं नाव ऐकू आलंच, तर ते शाळेतल्या बाईंचं, मालिकेतल्या पात्राचं किंवा ऑफिसमधल्या नकोशा साहेबांचंही असू शकतं. जागेपणी ज्या गोष्टीची शंका आहे ती जागेपणीच विचारलेली बरी.

एका ठिकाणी मात्र शेजारी झोपणाऱ्याची साक्ष खरोखर मोलाची ठरते. १९८६ साली मिनिआपोलिसमध्ये कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी एक नवा विकार नोंदवला. त्यात रेम झोपेतलं स्नायूंचं लुळेपण निघून जातं आणि माणूस स्वप्न अंगाने जगू लागतो. ओरडतो, शिव्या देतो, लाथा मारतो, पलंगावरून उडी घेतो. स्वप्नात कुणीतरी अंगावर धावून येत असतं आणि मार शेजारी झोपलेल्या बायकोला बसतो. हे बहुतांशी पन्नाशीनंतरच्या पुरुषांमध्ये दिसतं. याच डॉक्टरांनी आपल्या रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. १९९६ साली त्यांतल्या ३८ टक्के जणांना पार्किन्सनसारखा आजार झालेला होता. २०१३ मध्ये त्या गटातल्या २६ जणांपैकी २१ जणांना तसा आजार किंवा स्मृतिभ्रंश झाल्याचं त्यांनी कळवलं. हाताचा कंप सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूने झोपेत सूचना दिलेली होती. आणि ती ऐकली होती बायकोने.

अधूनमधून पुटपुटणाऱ्या तुमच्या रूममेटचा याच्याशी काही संबंध नाही. पण गावाकडे साठीतले बाबा वर्षभरात अचानक रात्री ओरडायला लागले असतील, हातपाय झाडत असतील, आणि आई 'त्यांना वाईट स्वप्नं पडतात' म्हणत जमिनीवर वेगळं अंथरूण घालून झोपत असेल, तर तिला नीट विचारा. कधीपासून, रात्री साधारण किती वाजता, काय बोलतात, कुणाला लागलं का. पलंगाजवळचा काचेचा तांब्या-पेला आणि टोकदार कडांचं टेबल हलवा. एक-दोन रात्री फोनवर चित्रण करा, बाबांना सांगून. आणि ते घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. सोबत आईला न्या. बाबांना यातलं काहीच आठवत नसणार.